उष्ट्या धुराची चौकशी

खंडाळ्याच्या घाटात कंटेनर आडवा झाला म्हणून उर्से टोलनाका पाडून नवा बांधा, असं म्हणणारा माणूस मावळात अजून जन्मायचा आहे. पण मोटारीला लावलेल्या स्कॅनरवर ‘पी०४०१’ उमटलं, की हाच मावळ बिनदिक्कत नवा इजीआर व्हॉल्व्ह मागवतो. त्या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनाने या व्हॉल्व्हच्या वाटेने आपला थोडा धूर परत पोटात घ्यायचा असतो, तो पुरेसा पोचत नाही. व्हॉल्व्ह दोषी, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कोड हा तक्रारअर्ज. आपण त्यालाच निकालपत्र समजतो.

इंजिनाला उष्टं खायला घालण्यात शास्त्र आहे. जळलेल्या वायूत ऑक्सिजन कमी, त्यामुळे सिलिंडरातली आग जरा निवते आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी होतात. पण डिझेलच्या धुरातल्या काजळीला वाटेत तेलाची वाफ भेटते आणि दोघींचा संसार नळीतच थाटतो. खोलून पाहावं तर अंगठ्याएवढ्या वाटेतून करंगळी जात नाही, आणि आतला थर कढईला लागून करपलेल्या चिक्कीच्या पाकासारखा, नखाने निघता निघत नाही. व्हॉल्व्ह बिचारा उघडून बसलाय, वाटच बुजलीय! म्हणून आधी वाट तपासावी. व्हॅक्युमवर चालणारा व्हॉल्व्ह असलेली जुनी पेट्रोल गाडी असेल, तर इंजिन आयडलिंगला ठेवून हातपंपाने व्हॉल्व्ह उघडावा. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं, तर वाट मोकळी आहे. संशय व्हॅक्युमची नळी, सेन्सर, वायर यांच्यावर. व्हॉल्व्ह उघडूनही इंजिन ढिम्म राहिलं, तर वाट तुंबली. डिझेलला स्कॅनरवरूनच व्हॉल्व्ह उघडावा. धूर आत शिरला की ताज्या हवेचा आकडा उतरायलाच हवा.

‘एकदा घाट दाबून चढवा, सगळं साफ होतं,’ असं जाणकार सांगतात. खोपोली ते लोणावळा सुमारे साडेपाचशे मीटरचा चढ खरा, पण पूर्ण जोर लावताना इंजिनाला ताजी हवा हवी असते, तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला असतो. म्हणजे हे काचा लावून गाडीत बसून भुशी धरणावर भिजण्यापैकी झालं. काजळी धरते ती त्या धरणाच्या रविवारच्या रांगेत, पहिल्या गिअरमध्ये. दुसरे जाणकार पत्र्याची चकती ठोकून वाटच बंद करायला सांगतात. मग विषारी ऑक्साइड वाढतात ते वाढतातच, शिवाय डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पुन्हा लागतो आणि कोड येतो तोच: प्रवाह अपुरा. या वेळी मात्र गाडीचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं.

तेव्हा नवा व्हॉल्व्ह मागवण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा, ‘वाट खोलून पाहिलीत का?’ आणि साफ करून परत बसवताना गॅस्केट तेवढं नवं घालायला सांगा.