टिश्यूचं पाकीट आणि पाचशे डॉलर

सिंगापूरच्या मेट्रोत काही खाल्लं-प्यायलं तर पाचशे डॉलरपर्यंत दंड. पाण्याचा घोटही त्यातच आला. डुरियन फळालाही गाडीत मज्जाव. पाटीवर त्याचं काटेरी चित्र आहे, दंडाचा आकडा मात्र नाही. वासच असा की वेगळी शिक्षा कशाला! च्युइंगगमची आयात तर १९९२ सालीच बंद झाली.

असलं हे कडक शिस्तीचं शहर हॉकर सेंटरात, म्हणजे एका छपराखाली भरलेल्या खाऊच्या गाळ्यांत शिरलं की माणसात येतं. मॅक्सवेल नावाच्या अशाच एका सेंटरात ऐन जेवणाच्या वेळी जा. टेबल रिकामं दिसेल, पण त्यावर टिश्यू पेपरचं इवलंसं पाकीट पडलेलं असेल. म्हणजे जागा धरलेली. मालक तिकडे चिकन राइसच्या रांगेत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या जमातीला हे समजावून सांगावं लागत नाही. या हॉकर संस्कृतीला युनेस्कोनं २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत बसवलं. आपल्या रुमालाचा प्रस्ताव कुणी पाठवलाच नसावा. जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून ठेवायचं, नाहीतर तिथेही दंड आहेच.

आपली सहलीची मंडळी मात्र या भानगडीतच पडत नाहीत. बस त्यांना मर्लायनच्या, म्हणजे सिंहाचं तोंड नि माशाचं धड असलेल्या पुतळ्यासमोर उतरवते, फोटो होतात, आणि तीच बस त्यांना लिटल इंडियात पनीर बटर मसाल्यापुढे नेऊन बसवते. मेट्रो? ती काचेतून बघितली. रात्री हॉटेलात चकल्यांचा डबा निघतो. खोलीत खायला दंड नाही ना, हे काकांनी टूर मॅनेजरला मुंबईतच विचारून ठेवलेलं असतं.