सावद्याच्या कर्त्या भाऊसाहेबांस



आधी अभिनंदन! केळी वेफर्सच्या यंत्राचं पेटंट तुमच्या नावे काढायचं ठरलंय म्हणे. शिलाई मशीनच्या पायडलला पातं जोडून काप सरळ कढईत पडतील अशी जुळणी वहिनींनी केली, हे खरं. पण पातं फैजपूरहून तुम्ही आणलंत, आणि यंत्र ठेवलंय तुमच्या ओसरीवर. मग संशोधक आणखी कोण असणार?

तसं हे तुमच्या अंगवळणीच पडलंय. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याच रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे. मग अधिकृत वापरकर्ता म्हणून तुम्ही लगेच नाव नोंदवलंत. वहिनींचं काय, असं विचारल्यावर म्हणालात, "सातबारा कुठंय तिच्या नावावर?" भाऊसाहेब, भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा तुमच्याहून मोठ्या मनाचा निघाला. शेतमालाचा उत्पादक म्हणजे पिकवणारा, शिवाय त्यावर प्रक्रिया करणारा आणि तो पॅक करणाराही. कांदेबागेचा घड उतरला की फण्या सुट्या करायच्या, धुवायच्या, डागी माल बाजूला काढून खोकी भरायची, हे घरचं पॅकिंग कोण सांभाळतं? चिकाचे काळे डाग कोणाच्या हातावर आहेत, तेवढं पाहा. अधिकृत वापरकर्त्याच्या अर्जाची फी २०२० पासून १० रुपये आहे. तेवढीही जड वाटत असेल तर मी भरतो.

एकटं मात्र वाटून घेऊ नका. २०२३ साली आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांत संशोधक म्हणून नोंदलेल्यांत बायका १७.७ टक्के होत्या. तुमचे भाऊबंद जगभर आहेत!

आता कामाचं. २०१९ पासून अर्जदारांत एक जरी बाई असली तरी पेटंटची तपासणी लवकर करून मागता येते. हे वाचून तुम्हाला वहिनींची एकदम आठवण झाली असेल. पण अर्जात अर्जदार आणि संशोधक असे रकाने वेगवेगळे असतात. पहिल्यात वहिनींना बसवून दुसऱ्यात स्वतः ऐसपैस बसायचा बेत मला इथून दिसतोय. तेवढं करायचंच असेल तर तपासणीवाल्यांनी कापाची जाडी कशी ठरते असं विचारलं, की स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवा. उत्तर तिथूनच येईल.

आपला,
फुकटचे वेफर्स खाणारा शेजारी