ई-ताट पाहणी : रोजच्या जेवणाचा रीतसर पंचनामा कसा करावा

जेवणाचा फोटो काढणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांनी आधी एक शासकीय वस्तुस्थिती विचारात घ्यावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकऱ्याने मोबाईल घेऊन स्वतःच्या शेतात उभं राहायचं, ॲपमध्ये गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं आणि उभ्या पिकाचा फोटो चढवायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात आणि नोंद गाव नमुना बारावर लागते. पीकविमा, हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई या सगळ्यांत ती कामाला येते. म्हणजे लोंबीतला भात फोटोने सिद्ध होतो. तोच भात कांडून, दळून, भाकर होऊन ताटात आला की मात्र त्याचा फोटो काढणारा उथळ ठरतो. हा भेदभाव तर्काला धरून नाही. सबब, पीक जिथे संपतं तिथून पुढची नोंद नागरिकांनी आपल्या जबाबदारीवर सुरू करावी, यासाठी हे मार्गदर्शन प्रसृत करण्यात येत आहे.

मार्गदर्शनासाठी जासई निवडण्याला कारण आहे. जासई कागदावर रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आणि व्यवहारात नवी मुंबईत. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात आल्या. दि. बा. पाटील याच जासईचे. त्यांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क उभा राहिला. अशा गावात सातबारा, फेरफार, वारसनोंद, पंचनामा हे शब्द शिकवावे लागत नाहीत. कपाटात ठेवणीतल्या लुगड्याखाली फाईल असते आणि फाईलीत गेलेल्या जमिनीचा गुंठा न् गुंठा असतो. नसतं ते एवढंच, की त्या गुंठ्यातून दुपारी ताटात काय येत होतं. संपादनाच्या कागदांत भातशेती असते, मिठागर असतं, भाकर नसते. मासळीची गोष्ट तर याहून अवघड. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उरणजवळच्या बंदराच्या भरावापायी उपजीविका गेलेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कुटुंबं मोजता आली, रुपयेही मोजता आले. बाजारात गेलेल्या टोपलीचा हिशेब कुठे ना कुठे लागतो. पण ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून आणलेले निवटे आणि चिंबोऱ्या थेट घरच्या कालवणात गेल्या, त्यांची पावती कोण फाडणार? जमिनीच्या बाबतीत ज्या समाजाने पुराव्याची किंमत एवढी मोजली, त्याने ताटाच्या बाबतीत गाफील राहू नये, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

आता पात्रतेचे निकष. फोटो निघत नाहीत अशी तक्रार कुणालाच करता येणार नाही. आगरी हळदीच्या रात्री जेवणाच्या पंगतीपेक्षा मोबाईलची पंगत मोठी असते. वाढदिवसाचा केक कापण्याआधी चारही दिशांनी टिपला जातो. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्यानंतर पुलावर गाड्या थांबवून फोटो काढणाऱ्यांवर पोलिसांना कारवाई करावी लागली. अडचण निवडीची आहे. आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या संशोधकाने गावातले सगळे जुने मोबाईल उघडले, तर जासईकर बिर्याणी, केक आणि तंदुरी यांवर जगत होते आणि मधल्या काळात उपाशी राहत होते, असाच निष्कर्ष त्याला काढावा लागेल. म्हणून पहिला नियम असा: ज्या जेवणाचा फोटो काढावासा वाटतो, ते जेवण पाहणीस अपात्र समजावं. पात्र जेवण म्हणजे मंगळवारी दुपारचं. तांदळाची भाकर, कांद्यात परतलेली सुकट, कालचं उरलेलं वालाचं बिरडं. पावसाळ्यातल्या नोंदींना विशेष प्राधान्य द्यावं, कारण १ जून ते ३१ जुलै समुद्रातल्या यांत्रिकी मासेमारीला बंदी असते आणि तेव्हाच उन्हाळ्यात भरून ठेवलेले बोंबील, जवळा, वाकट्या डब्यांतून बाहेर पडतात. त्या दोन महिन्यांत घर कशावर तगलं, हे कळायला त्या डब्याच्या तळाचा फोटोही जोडल्यास उत्तम.

प्रत्यक्ष कामाची रीत पुढीलप्रमाणे. ताट घरात ट्यूबलाईटखाली ठेवू नये. आपल्याकडच्या विजेवर जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं आणि बिरड्यावर आडवे पट्टे उमटतात. ताट मागच्या पडवीत, दाराच्या उजेडात आणावं, मात्र थेट उन्हात नाही. स्टीलचं ताट हा या कामातला सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार आहे: वरून फोटो काढला की त्यात छताचा पंखा, काढणाऱ्याचा हात आणि त्याची हनुवटी येते. म्हणून मोबाईल थोडा तिरका धरावा. पुढची अडचण तांदळाच्या भाकरीची. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो, त्यामुळे पांढरीशुभ्र भाकर फोटोत मळकट येते आणि गावाची विनाकारण बदनामी होते. पडद्यावर बोट ठेवून उजेड किंचित वाढवावा, म्हणजे भाकर आपल्या रंगावर येईल. मग जवळ जाऊन पाहावं: कडेला पाण्याच्या हाताने थापलेल्या बोटांच्या खुणा दिसतात, मधोमध तव्याचा एक तपकिरी डाग असतो, पापुद्रा एका बाजूने सुटलेला असतो. भाकर यंत्रावर झालेली नाही, याचा याहून सबळ पुरावा दुसरा नाही. ‘फूड मोड’ वापरू नये. त्याने कालवणाचा तवंग शेंदरी होतो आणि आगरी मसाल्याला जो रंग कधीच नव्हता तो चढतो. हा पुराव्यात फेरफार झाला. ताटाशेजारी शोभेसाठी लिंबाची फोड, कोथिंबिरीची काडी किंवा फुलदाणी ठेवणं हा बनावट दस्तऐवज तयार करण्याचाच प्रकार समजावा.

पंचनामा एका फोटोने पुरा होत नाही. जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक, असे दोन फोटो लागतात, आणि दुसरा जास्त महत्त्वाचा. उरलेले काटे, चोखून ठेवलेल्या शेवग्याच्या शेंगा, ताटाच्या कडेला सारलेली मिरची यांवरूनच काय खाल्लं गेलं आणि काय नुसतं वाढलं गेलं, ते ठरतं. पंच दोन असावेत. सुकट असल्यास तिसरं मांजर आपणहून हजर राहतं, त्याची सही घेण्याची गरज नाही. मूळ फाईल जपावी. मोबाईल फोटोत तारीख, वेळ आणि सोय सुरू असल्यास ठिकाणही नोंदवतो, पण व्हॉट्सॲपवर तो साध्या पद्धतीने धाडला की ही माहिती गळून पडते. कुटुंबाच्या ग्रुपवर फिरणारा फोटो म्हणजे शिक्का नसलेला दाखला. ज्यांना फारच पक्कं काम हवं असेल त्यांनी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ वाचावं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. बिरड्याच्या बाबतीत ते अद्याप कुणी मागितलेलं नाही, पण तयारी असलेली बरी.

यावर हरकती येणार हे गृहीत आहे. पहिली हरकत, जेवण गार होतं. ती मान्य, म्हणून पंचनाम्याला एका मिनिटाहून जास्त वेळ लावू नये. पण आपल्याकडे ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती ठेवण्याची रीतही अनेक घरांत होती, आणि तेवढ्या वेळात आमटी गार झाल्याची तक्रार कुणी केली नाही. दुसरी हरकत, नजर लागते. नजर लागते ती दाखवलेल्या ताटाला. नोंद करून फाईलीत ठेवलेल्या ताटाला नजर लागायची तर आधी कपाटातल्या सातबाऱ्याला लागली असती. त्याला जे लागलं ते वेगळंच होतं आणि त्यावर मीठमोहऱ्या चालत नाहीत. तिसरी हरकत गंभीर आहे: ज्याच्या घरी आज चूल पेटली नाही, त्याने दुसऱ्याची भरली ताटं का पाहावीत? याचं उत्तर असं की डोळ्यांत खुपतं ते मेजवानीचं ताट, आणि ते इथे आधीच अपात्र ठरलेलं आहे. शिवाय पाहणी प्रामाणिक असेल, तर महिनाअखेरीचं नुसतं भाकर-मिरचीचं ताटही नोंदवावं लागेल. वैभव दाखवायला निघालेला माणूस तिथेच गळतो. चौथी हरकत, उलव्याच्या किंवा द्रोणागिरीच्या टॉवरमध्ये सुकट भाजली की शेजारी नाक मुरडतात, मग त्याची जाहिरात कशाला? फोटोला वास येत नाही, त्यामुळे सोसायटीच्या समितीला त्यावर ठराव करता येणार नाही.

मात्र फोटोला वास येत नाही, ही या पद्धतीची सर्वांत मोठी त्रुटीही आहे. तव्यावर पडलेल्या जवळ्याचा ठसका, आमसुलाचा आंबटपणा, मसाल्यातला तिखटाचा अंदाज यांतलं काहीच चित्रात उतरत नाही. चित्र म्हणजे फार तर ताटाची चतुःसीमा. आत काय पिकलं ते लिहावंच लागतं. १९७० साली, सिडकोच्याच जन्मवर्षी, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी घरांतली चव कागदावर उतरली. आगरी घरांतली बरीचशी चव अजून अंदाजपंचेच्या मापात अडकलेली आहे. म्हणून प्रत्येक फोटोखाली शेरा लिहिणं बंधनकारक: मासळी कुठली, कुणाकडून घेतली, आंबटाला काय घातलं, मसाला कोणत्या महिन्यात कुटला. या रकान्याशिवाय आलेली पाहणी अपूर्ण समजून परत पाठवावी. आणि शेऱ्याच्याही वर एक रकाना आहे, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव असतं, जमीन कसणाऱ्याचंही असायचं. जेवणाच्या फोटोखाली मात्र नाव असतं ते खाणाऱ्याचं, हॉटेलचं किंवा मोबाईलच्या कंपनीचं. जी पहाटे उठून पीठ उकडते, भाकऱ्या थापते आणि सगळे जेवल्यावर उरलेल्यावर बसते, तिच्या नावाला जागाच नाही. ई-ताट पाहणीत खातेदार तीच. तिचं पूर्ण नाव, स्वतःचं, ‘अमक्याची आई’ असं नव्हे. तिच्या ताटाची पाहणी स्वतंत्र करावी आणि ती तिच्या वेळेवर करावी. दुपारी तीन वाजता तिच्या वाट्याला काय आलं, ही नोंद इतर सर्व नोंदींपेक्षा निर्णायक धरली जाईल. ती पाहून घरातल्या बाकीच्यांना लाज वाटल्यास तो या योजनेचा अनुषंगिक लाभ समजावा.

सदर मार्गदर्शनावर कुणाची हरकत वा सूचना असल्यास त्यांनी ती पंधरा दिवसांत लेखी कळवावी. मात्र हरकत घेणाऱ्याने त्या दिवशीची भाकर स्वतः थापली असल्याचा फोटो सोबत जोडणं आवश्यक आहे. त्याशिवाय हरकत दाखल करून घेतली जाणार नाही.