आरोग्यार्थ परवाना आणि आभाळाचे तुकडे

मराठी मध्यमवर्गीय गृहस्थास निष्कारण मद्यपान करता येत नाही, हे आमचे जुने मत असून त्याचे खापर आम्ही त्याच्या स्वभावावर न फोडता कायद्यावर फोडतो. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हापासून, पेला ओठांस लावू इच्छिणाऱ्या इसमाने सरकारदरबारी अर्ज करून, केवळ आरोग्यरक्षणार्थ आपण हे कटू कर्तव्य पत्करीत आहोत असे लिहून द्यावे आणि परवाना हस्तगत करावा, अशी वहिवाट पडली. आणि ज्या समाजाने पेल्यापूर्वी कारण नोंदविण्यात हयात घालविली, तो समाज बांदे ओलांडून परवाना न विचारणाऱ्या गोव्याच्या मुलखात उतरला की त्याची अवस्था मोठी करुण होते. बाटली उघडण्यास तेथे कोणाची हरकत नसते, आणि नेमके तेच त्यास खटकते.

या पेचातून आमच्या मित्रमंडळाने यंदा जी वाट काढली, ती म्हणजे जिगसॉ. ऐन आषाढात, समुद्रावर लाल बावटे लागले असता, कांदोळीच्या भाड्याच्या बंगल्यात फेणी, सोडा आणि लिंबाच्या फोडी यांच्या सान्निध्यात 1000 तुकड्यांची पेटी विधिपूर्वक उघडण्यात आली. चित्र बव्हेरियातील नॉयश्वानस्टाइन किल्ल्याचे होते. पोर्तुगिजांनी 1612 साली पुरा केलेला आग्वादचा खराखुरा किल्ला जवळच भिजत उभा होता. परंतु तो आधीच बांधून झालेला असल्यामुळे त्याकडे फिरकण्याचे प्रयोजन कोणास वाटले नाही. दुसरा लुडविग राजा 1869 मध्ये ज्याचा पाया घालून 1886 मध्ये अपुराच टाकून मरण पावला, तो किल्ला रात्रीच्या जेवणापूर्वी उभा करण्याचा विडा आम्ही उचलला.

पहिल्या पेल्यापर्यंत कारभार चोख होता. सरळ कडांचे तुकडे निराळे काढून चतुःसीमा कायम करण्यात आल्या, बुरूज व झाडी यांची वाटणी झाली, आणि निवृत्त उपअभियंत्यांकडे, ते सर्वांत ज्येष्ठ म्हणून, आभाळ सोपविण्यात आले. दुसऱ्या पेल्यास त्या आभाळाने घात केला. एकाच निळ्या रंगाचे शेकडो तुकडे समोर पसरले असता माणसाची बुद्धी प्रथम नम्र होते आणि फेणीच्या साहाय्याने लवकरच उद्दाम होते; उपअभियंत्यांनी न बसणारा तुकडा मुठीने ठोकून बसविला, आणि वकीलसाहेबांनी, तो आता बराच वेळ तेथे आहे, सबब प्रदीर्घ कब्जामुळे त्यास मालकी हक्क प्राप्त झाला आहे, असा अभिप्राय दिला. तिसऱ्या पेल्याचे बूड ईशान्येच्या बुरुजावर टेकून पुठ्ठा फुगला. शेवटचा तुकडा आपल्या हातून बसावा म्हणून एकाने तो आरंभीच खिशात घातला होता, हे वहिनींनी झडती घेतल्यावर उघड झाले. पण खिशात तीन तुकडे निघाले, कारण हा दूरदर्शी विचार तो पेल्यापेल्यागणिक नव्याने करीत होता.

वस्तुतः ही विद्या मुलांसाठी जन्मास आली. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्याने 1760 च्या दशकात लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवर तो कापला, तो भूगोल शिकविण्यासाठी. प्रौढांनी तिचा कब्जा पुढे घेतला. अमेरिकेत 1932-33 च्या मंदीत या कोड्यांचे वेडच पसरले. स्वस्त करमणूक हे त्याचे कारण इतिहासकार सांगतात, ते खरेच असणार. मात्र त्या वेळी तेथे दारूबंदी होती आणि ती 1933 च्या डिसेंबरात उठली, हेही कोणी ध्यानात घ्यावे. तेथे पेला नव्हता म्हणून लोक तुकडे जुळवीत. आम्ही पेला लाजिरवाणा वाटू नये म्हणून जुळवितो. परतल्यावर घरी सांगताना प्रत्येक जण ‘चित्र जुळवीत बसलो होतो’ असेच सांगतो, आणि त्यात अक्षरही खोटे नसते.

सबब महाराष्ट्र सरकारास आमची अदबीची विनंती आहे, की परवान्याच्या अर्जात आरोग्याच्या खालोखाल चित्रजोडणी हेही कारण दाखल करावे. अर्जदारांचा तुटवडा पडणार नाही याची हमी आमचे मंडळ लेखी देण्यास तयार आहे.