आणखी एकच मिनिट

इंडिकेटरवर 8.04 ची फास्ट, बारा डबे, आणि पुढे 01. म्हणजे गाडी एका मिनिटात येतेय. तेवढ्यात माणूस वडापाव मागतो, सुट्ट्या पैशांवरून भांडतो, खातो, हात पुसतो आणि मान वर करतो. 01. मग त्याचं 02 होतं. ऋषिमुनींना जमलं नाही ते आमच्या फलाटावर रोज सकाळी होतं, काळ मागे जातो! पुढे 00 येतं, रूळ मात्र रिकामेच. आणि एकाएकी ती ओळच पुसली जाते, वर 8.11 सरकते, तिच्यापुढे 01. मग 8.04 आली की गेली? असं विचारायचं नसतं, ती झाली.

जाणत्यांना ठाऊक असेल, मुंबईला पूर्वी स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागची. 1955 पर्यंत ती चालली, मग बंद झाली म्हणतात. बंद कसली! ती बदलीवर आमच्या इंडिकेटरमध्ये आली आणि इथेच कायम झाली.

आता स्टेशनचं सुशोभीकरण झालंय. ब्रिजच्या भिंतीवर 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी रंगवलीय. चौदा डबे, चारशे पाहुणे, 21 तोफांची सलामी. आता चारशे माणसं एकाच डब्यात असतात आणि सलामी कोपराने मिळते. चित्र झकास आहे, ते बघायला वेळही भरपूर मिळतो. पण परवा 01 चालू असताना भोंगा बोलला की गाडी तीनऐवजी पाचवर येतेय. झालं! सगळा फलाट त्या एका ब्रिजवर. सरकता जिना नेहमीप्रमाणे सरकत नव्हता. गुडघे धरून चढणाऱ्या एक आजी, कडेवर पोर घेतलेली बाई, डबेवाला, सगळे एकमेकांच्या अंगावर. कुणी पडलं असतं तर चौकशी झाली असती आणि प्रवाशांनी घाई केली, असा निष्कर्ष निघाला असता. अरे, घाई कुणी लावली? गाडी कुठल्या फलाटावर घ्यायची हे तुमच्या केबिनमध्ये ठरतं ना? मग आम्हाला शेवटच्या मिनिटाला का कळतं, आणि तेही तुमच्या मिनिटाला?

रंग पुरे झाला. तो इंडिकेटर काढा आणि त्याची वीज फलाटावरच्या पंख्याला द्या. तो तरी फिरेल.