दहा हजार वर्षांचा इतिहास आणि एक थकलेला हप्ता

ज्या कोणा हौशी तरुणास आपला पहिलाच संगणकीय खेळ असा काढावयाचा असेल, की ज्यात देशोदेशींचे सहस्रावधी खेळाडू इंटरनेटवरून एकाच वेळी उतरून परस्परांशी लढतील, व्यापार करतील आणि त्या खटाटोपाबद्दल पदरचे पैसेही आनंदाने मोजतील, त्याने भांडवल, पगार, सर्व्हरचे भाडे असल्या क्षुद्र विवंचनांनी आरंभीच आपले मन मलिन करून घेऊ नये. त्याने प्रथम त्या जगाचा इतिहास लिहवून घ्यावा. हा उपदेश आमच्या पदरचा नव्हे. त्यास अमेरिकेतील एका राज्य सरकारच्या खजिन्याचा आधार आहे.

कर्ट शिलिंग हे बेसबॉलमधील नामांकित पिचर. मैदानावरून परतल्यावर ऑनलाइन खेळांत रमणाऱ्या ह्या गृहस्थांनी २००६ साली कंपनी काढली, पुढे आपल्या जर्सीवरील क्रमांकावरून तिचे नाव ‘३८ स्टुडिओज’ ठेवले, आणि आर. ए. साल्वातोरे ह्या लोकप्रिय कादंबरीकाराकडून ‘अमालुर’ नामक कल्पित भूमीचा दहा हजार वर्षांचा इतिहास सिद्ध करून घेतला. आमच्या मुलखात सातवाहनांपासून आजवरचा हिशेब मांडला तरी दोन हजारांच्या थोडे पलीकडेच जाता येते, आणि तेवढ्यावरूनही आमची भांडणे मिटत नाहीत. तेव्हा दहा हजार वर्षे, तीही निर्विवाद, म्हणजे केवढी दौलत! १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठातील रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल ह्या विद्यार्थ्यांनी नुसत्या अक्षरांवर चालणारा ‘मड’ हा बहुखेळाडू खेळ विद्यापीठाच्याच संगणकावर उभा केला होता खरा. परंतु इतका कोतेपणा अनुकरणीय नव्हे.

अमालुरच्या ह्या दौलतीवर पैसा लावण्यास खाजगी भांडवलदार मात्र पुढे येईनात. ही मंडळी मुळातच अरसिक. परंतु खाजगी सावकार ज्यास दारात उभा करीत नाही, तोच उद्योग सरकारास दूरदृष्टीचा वाटतो, हा नियम सार्वत्रिक असल्याने, बेकारीने गांजलेले आणि क्षेत्रफळाने अमेरिकेतील सर्वांत चिमुकले असे ऱ्होड आयलंड राज्य २०१० साली जामीन राहण्यास उभे राहिले. नवे रोजगार यावेत म्हणून तेथे १२ कोटी ५० लाख डॉलरची हमी-योजना मंजूर झाली होती. तीपैकी ७ कोटी ५० लाखांची हमी, ४५० नोकऱ्यांच्या वायद्यावर, एकट्या ह्या कंपनीच्या पदरात पडली, आणि सरकारचा आकार लहान असावा ह्या मताचे जाहीर पुरस्कर्ते शिलिंगसाहेब सरकारच्याच आसऱ्यास बिऱ्हाड घेऊन मॅसॅच्युसेट्समधून प्रॉव्हिडन्सला दाखल झाले.

आता अंदाजपत्रकाकडे वळू, कारण खरे साहित्य तेथेच आहे. अमालुरवर बेतलेल्या, ‘कोपर्निकस’ ह्या सांकेतिक नावाच्या बहुखेळाडू खेळास निदान ७ कोटी ५० लाख डॉलर हवे होते. राज्याच्या हमीवर रोखेही तितक्याच रकमेचे निघाले. पण शुल्क, राखीव निधी इत्यादी वजा जाता कंपनीच्या हाती यावयाचे होते ५ कोटी, आणि ही तफावत रोखे घेणाऱ्यांपासून लपविण्यात आली, अशी फिर्याद अमेरिकेच्या रोखेबाजार-नियामकाने २०१६ साली गुदरली. दहा हजार वर्षांत कोणता राजा केव्हा गादीवर बसला हे ज्या दप्तरात नोंदलेले, त्याच दप्तरातून अडीच कोटींची तूट कोणास दिसू नये, ह्यास हिशेबनिसांनी ललित वाङ्मयाच्या क्षेत्रात केलेले पदार्पणच म्हणावे लागेल.

२०१२ च्या मे महिन्यात कंपनीने राज्यास द्यावयाचा ११ लाख २५ हजार डॉलरचा हप्ता थकला. मग कंपनीचा माणूस धनादेश घेऊन सरकारी कचेरीत हजर झाला. आणि त्याच्यामागोमाग, खात्यात तितकी शिल्लक नाही, तरी तूर्त तो वटवू नये, असा निरोपही हजर झाला. दुसऱ्या दिवशी हप्ता कसाबसा भरला गेला, पण कर्मचाऱ्यांचा पगार राहिला तो राहिलाच. २४ मे रोजी सर्वांना ईमेलने रजा मिळाली. मॅसॅच्युसेट्समधील आपली घरे कंपनीमार्फत केव्हाच विकली गेली आहेत अशा समजुतीत असलेल्या काही जणांना, त्या घरांचे हप्ते अजून आपल्याच नावावर आहेत, हेही त्याच सुमारास उमगले. जून उजाडताच दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला.

ह्या सर्व काळात कंपनीच्या नावावर बाजारात आलेला खेळ एकच, ‘किंग्डम्स ऑफ अमालुर: रेकनिंग’, आणि सहस्रावधींना एकत्र आणण्याच्या ह्या महायज्ञातून निघालेला तो प्रसाद एकट्यानेच खेळावयाचा होता. तो वाईट नव्हता. २०२० मध्ये नव्या मालकाने तो पुन्हा बाजारात आणला. रोखे फेडण्याचे काम मात्र राज्याकडे आले. व्याजासह देणे ८ कोटी ८० लाख डॉलरच्या घरात गेले, राज्याने गुदरलेल्या दाव्यांतील तडजोडींतून सुमारे ६ कोटी १० लाख वसूल झाले, उरलेली तूट ऱ्होड आयलंडच्या करदात्यांनी भरली, आणि कोपर्निकस त्यांच्यापैकी कोणालाही कधीच खेळावयास मिळाला नाही.