गाना अच्छाच है, गानेवाला कां है?

अभिप्राय देताना मराठी माणूस कंजुषी करत नाही. फक्त ज्या गोष्टीवर मागितला, तिच्यावर तो देत नाही, एवढंच.

आमच्या पुतण्याने हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जॉन डेन्व्हरचं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ गायलं, गिटारही स्वतःच वाजवली, दोन्ही लॅपटॉपवर जुळवलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. सोबत एकच ओळ: ‘मिक्सिंग कसं झालंय, सांगा.’ गाणं कसं झालंय, असं त्याने विचारलं नव्हतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे ते कुणाच्याही लक्षात राहिलं नाही.

काचीगुड्याच्या काकांनी दोन सेकंदांत अंगठा दाखवला. गाणं तीन मिनिटांचं आहे. सुलतान बाजारच्या आत्याने ‘घसा बसलाय का रे? ओवा चावून बघ’ असं कळवलं. नांदेडच्या मामांचा राग इंग्रजीवरच. ‘१९०७ साली आपल्या लोकांनी हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा काढली, ती ह्यासाठी का?’ पुण्याच्या मावसभावाने लिहिलं, ‘कम्प्रेशन अंमळ जास्त वाटतंय.’ आवाजातले चढउतार दाबून एका पातळीत आणायचे, ह्याला कम्प्रेशन म्हणतात आणि पुतण्याने ते वापरलंच नव्हतं. त्याने तसं नम्रपणे कळवलं. लगेच उत्तर आलं, ‘मग कमी पडलंय.’

सगळ्यांत जड आक्षेप एका निवृत्त प्राध्यापकांचा होता. जो मुलूख पाहिला नाही, त्याची ओढ कशी लागेल? अनुभूती प्रामाणिक नाही, सबब गाणं पोकळ. प्राध्यापकांना सांगायला हवं की १९७१ सालच्या ह्या गाण्यात ज्या वेस्ट व्हर्जिनियाचे गोडवे आहेत, ते राज्य मूळ कल्पना सुचलेल्या बिल डॅनॉफनेही तेव्हा पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या मेरीलँडमधल्या एका रस्त्यावर त्याला आणि टॅफी निव्हर्टला हे गाणं सुचलं, आणि पुढे डेन्व्हरबरोबर तिघांनी ते पुरं केलं. वेस्ट व्हर्जिनियाने २०१४ साली त्याला अधिकृत राज्यगीतांत जागा दिली. अनुभूतीचा दाखला तिथे कुणी मागितला नाही. आपल्याकडे मात्र सत्यप्रत जोडावी लागते.

आता पुतण्याची बाजूही ऐका. नारायणगुड्यात गाणं रेकॉर्ड करायचं तर मुहूर्त रात्री साडेअकरानंतरचा. त्याआधी फ्लायओव्हरची रहदारी, मेट्रोची उद्घोषणा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि लग्नसराई असली तर बारात. रात्री खिडक्या बंद केल्या की पंखा लागतो आणि पंखा लावला की त्याची घरघर माइकमध्ये उतरते. मग पंखा बंद. मे महिन्यात हैदराबादेत पंखा बंद करून डोंगरदऱ्यांच्या थंड हवेचं गाणं गाणाऱ्याच्या अनुभूतीवर कुणी शंका घेऊ नये. घुमणारा आवाज मारायला त्याने भिंतींवर आजीच्या गोधड्या टांगल्या. गोधडी वरच्या पट्टीतला आवाज चांगला शोषते, पण खालचा जाड आवाज तिला जुमानत नाही. तो भिंतीवर आपटून परत येतो आणि गाणारा माठात तोंड घालून गातोय असं वाटतं. आत्याला घसा बसलेला वाटला, तो ह्यामुळे. ओव्याने ते जाणार नव्हतं.

हैदराबादला कंट्री संगीत परकं म्हणणाऱ्यांनी सिकंदराबादकडचं लालागुडा आठवावं. तिथल्या रेल्वे वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन घरांत कंट्री गायक जिम रीव्ह्ज घरच्यासारखा होता. ह्या रीव्ह्जची एक गोष्ट मिक्सिंगचं मत मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने दोघांनीही ऐकावी. १९५७ सालच्या ‘फोर वॉल्स’मध्ये तो ओठ माइकला टेकतील इतका जवळ जाऊन, हळू आवाजात गायला. तोवर कंट्री गायक दूर उभं राहून खणखणीत गात. आर.सी.ए. कंपनीत कुरकुर झाली, पण निर्माता चेट अ‍ॅटकिन्स त्याच्या बाजूने उभा राहिला, आणि गाणं गाजलं. कारण साधं आहे. कंट्री गाण्यात गोष्ट सांगितलेली असते. शब्द कानात पडले नाहीत तर बाकीची कारागिरी कितीही करा, वाया जाते.

आणि आमच्या पुतण्याच्या गाण्यात नेमके शब्दच ऐकू येत नव्हते. ग्रुपवर चाळीस माणसं आहेत, त्यांतल्या एकानेही हे सांगितलं नाही.

सांगितलं ते एका साऊंडवाल्याने. लग्नाला, गणपतीला स्पीकर लावणारा हा माणूस त्याच इमारतीत खाली काम करत होता. पुतण्याने मोबाईल पुढे केला. त्याने आवाज वाढवला नाही, उलट जवळजवळ बंद होईल इतका कमी केला, मोबाईल टेबलावर ठेवला आणि तीन पावलं मागे जाऊन वायरी गुंडाळत उभा राहिला. गाणं संपल्यावर म्हणाला, “गाना अच्छाच है भय्या, पन गानेवाला कां है?”

आवाज इतका कमी केला की जे खरोखर वर आहे तेवढंच कानी येतं, आणि ह्या गाण्यात वर होती ती गिटार. स्टुडिओतले लोकही हीच युक्ती करतात, आणि वर साध्या स्पीकरवरही ऐकून बघतात. यामाहाचा एनएस-१० नावाचा स्पीकर १९७८ साली घरगुती म्हणून बाजारात आला. ऐकणाऱ्यांना तो फारसा रुचला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंनी तो टेबलावर मांडला. ह्याच्यावर बरं वाटलं तर कशावरही बरं वाटेल, असा हिशेब. नातेवाइकांनी मात्र तळहाताने स्पीकरची भोकं झाकून मोबाईलवर गाणं ऐकलं आणि तिघांनी ‘बेस कमी आहे’ असा निर्वाळा दिला. मोबाईलच्या स्पीकरमधून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेरच पडत नाही. बेस त्यांच्या हातात कमी होता.

साऊंडवाल्याला मी देव करणार नाही. जाता जाता तो म्हणाला, “और नीचे जरा ढोल मारो, बारात में चलेगा.” तेवढं पुतण्याने ऐकून सोडून दिलं. पहिल्या वाक्यावर मात्र काम केलं. स्वतःचा आवाज वाढवण्याऐवजी गिटार दोन डेसिबल खाली आणली, आणि व्यंजनं जिथे ऐकू येतात त्या दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात गिटारला थोडं सरकून बसायला लावलं. ‘प’ आणि ‘ट’ उमटायला लागले. नवी आवृत्ती ग्रुपवर गेल्यावर पुण्याहून कळवण्यात आलं की आधीची जास्त उबदार होती.

तेव्हा वाचकहो, कुणी घरी केलेलं गाणं पाठवून मत मागितलं, तर चांगलं-वाईट हे शब्द जरा बाजूला ठेवा. कशावर ऐकलं ते लिहा. कितव्या मिनिटाला काय ऐकू आलं नाही, ते लिहा. कम्प्रेशन हा शब्द ते कुठे वापरलंय हे दाखवता येत असेल तरच लिहा. आणि कृपा करून मोबाईल पकडताना स्पीकरवरची बोटं काढा.